साम्राज्यम पिन्नीची चार दिवसांची दीक्षा

गुंटूरच्या मिरची यार्डात खोकणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. नवा हमाल असो, ट्रकचा ड्रायव्हर असो की लांबून आलेला खरेदीदार, फाटकातून आत शिरला की तो आधी शिंकतो, मग खोकतो, मग डोळे पुसत उभा राहतो, आणि ढिगाशेजारी बसलेल्या बायका हसतात. त्या हसण्यात साम्राज्यम पिन्नीचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

पिन्नी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मिरचीचे देठ खुडायला ती लग्नाआधीपासून बसत आली. लग्न झालं, नवरा गेला, माझी आई गेली, मी तिच्या घरी राहायला आले, आणि या सगळ्यात ती रोज सकाळी डोक्याला फडकं बांधून यार्डात जात राहिली. देठ खुडायचे, डाग पडलेली पांढरट मिरची वेगळी काढायची, आणि हाताखालच्या बायकांना ओरडत राहायचं. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख अर्धं झिजून गेलंय. मी शिकले ते त्या नखावर. ती हे कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मीही फार बोलत नाही.

मिरचीनं तिला कधी खोकवलं नव्हतं. म्हणून ती खोकायला लागली तेव्हा सगळ्यांना आधी गंमतच वाटली.

“अक्का, इतक्या वर्षांनी मिरचीला तुझी ओळख पटली म्हणायची,” मस्तानबी म्हणाली. मस्तानबी तिच्या शेजारी बसते. दोघींची जागा ठरलेली, भांडणाचे विषयही ठरलेले.

“ओळख पटली नाही, विसरली,” पिन्नी म्हणाली. “म्हणून परक्यासारखी वागतेय.” आणि पुन्हा खोकली.

गंमत लवकरच संपली. खोकला कोरडा होता, घशात केस अडकल्यासारखा. आवाज बसला. दुसऱ्या ढिगावरच्या बायकांना इथूनच दम देणारी पिन्नी टाळ्या वाजवून त्यांना बोलावू लागली. गल्लीतल्या डॉक्टरनं तिला पाहण्याआधी तिचं काम विचारलं आणि मान हलवली. “मिरची यार्ड? मग अजून काय होणार? ती धूळ सोडा.” त्यानं दिलेला पंप ओढून ओढून तिची जीभ कडू झाली. खोकला होता तसाच राहिला.

यार्डातलं ते अडतीचं दुकान अंकम्माराव गारूंचं; गारू म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’. पिन्नी त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तिथं. मालक भला माणूस. एके दिवशी काटा थांबवून ते तिच्यापाशी आले.

“साम्राज्यम, तू खोकलीस की मला माझी आई आठवते. तिचंही शेवटी असंच झालं होतं. धूळ आहे म्हणतात ना डॉक्टर? मग कशाला हट्ट? आमच्या घरी स्वयंपाकाला ये. पंख्याखाली बसून भाजी चिरायची.”

“पंख्याखाली बसून मी भांडू कुणाशी, बाबू?”

“माझ्या बायकोशी भांड. तिलाही कुणी मिळत नाही.”

बायका हसल्या. मालक हसले नाहीत. “हे बघ, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखव. तो धूळ नाही म्हणाला तर पाहिजे तितकी वर्षं बस. धूळ म्हणाला तर दुसऱ्या दिवसापासून मी तुला ढिगावर बसू देणार नाही. तू रडलीस तरी नाही.”

त्या संध्याकाळी ती अंगणात पाय धूत कितीतरी वेळ उभी होती. “स्वयंपाक काय, येतोच की मला,” ती मला म्हणाली. “पण त्यांच्या घरात मी मोलकरीण असेन, अम्मडू. ढिगावर मी साम्राज्यम असते.”

छातीच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं, आणि म्हणाले, “फुप्फुसं चांगली आहेत. पोटाच्या डॉक्टरकडे जा.” पिन्नीला तो अपमान वाटला. “खोकला वर आणि हा मला खाली पाठवतो,” ती रिक्षात पुटपुटत होती.

पोटाच्या डॉक्टर होत्या प्रवल्लिका. वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या. “घशाशी आंबट येतं का? छातीत जळजळ?”

“आमच्याकडे कुणाला जळजळत नाही, डॉक्टरम्मा? जळजळलं नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही.”

डॉक्टर हसल्या, मग नीट समजावून सांगू लागल्या. पोटातलं आम्ल खाली राहायला हवं. काहींचं ते वर चढतं. कुणाला आग होते, कुणाला होत नाही, नुसता घसा खवखवतो आणि खोकला येतो. तुमचा खोकला त्यातलाच आहे का धुळीचा, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी आत कुणीतरी बसून राहायला हवं. त्यांनी तळहातावर एक कॅप्सूल ठेवून दाखवली, वालाच्या दाण्याहून थोडी लांब. ही अन्ननलिकेला चिकटून बसते. आम्ल वर आलं की तिला कळतं, आणि ती कमरेच्या डबीला तसं कळवते. चार दिवस.

“तार?”

“तार नाही. हवेतून बोलते.”

“मग त्या दोघींचं बोलणं मला ऐकू येणार?”

“तुम्हाला नाही. मला येणार.”

पिन्नीनं माझ्याकडे पाहिलं. “माझ्या पोटातलं मला नाही, हिला ऐकू येणार,” ती म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच थोडी आशा होती.

कॅप्सूल बसवताना डॉक्टरांच्या हाताशी सलोमी सिस्टर होती. घशात फवारा मारून तो बधिर केला, बारीक नळीच्या टोकाला ती कॅप्सूल. मी दाराशी उभी होते. “गिळा अम्मा, गिळा, लाडू गिळतो तसं,” सलोमी म्हणत होती, आणि पिन्नी डोळे घट्ट मिटून गिळत होती. नळी बाहेर आली, कॅप्सूल आत राहिली. पिन्नीनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं आणि देवाबद्दल बोलावं तशी हळूच म्हणाली, “बसले.”

सलोमीनं डबी तिच्या कमरेला बांधली. जेवताना हे बटण, आडवं होताना हे, खोकला आला की हे मधलं. डबी पाण्यात भिजवायची नाही. अंगापासून लांब ठेवायची नाही; आंघोळीच्या वेळीही हाताच्या अंतरावर. “आणि बाकी सगळं रोजच्यासारखं, बरं का.”

पिन्नीनं डबीला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण आमच्याकडे अंगावर काही बांधून घेतलं की माणूस असाच वागतो. काही वर्षांपूर्वी पिन्नीनं विजयवाड्याच्या डोंगरावरच्या देवीची, अम्मांची, दीक्षा घेतली होती. गळ्यात माळ, अंगावर लाल साडी, एक वेळ जेवण, लसूण-कांदा बंद, दिवसा झोपायचं नाही, कुणाला वाईट बोलायचं नाही. भिजवू नका, लांब ठेवू नका, हे शब्द तिच्या ओळखीचे होते. आणि ‘बाकी रोजच्यासारखं’ हे तिनं पुजारी ‘जमेल तसं करा’ म्हणतात तसं घेतलं. पुजारी तसं म्हणतात. आपण आपल्याला जमेल त्याहून थोडं जास्तच करायचं असतं.

घरी आल्यावर तिनं डबी मोरीबाहेरच्या खुंटीला टांगून आंघोळ केली आणि ट्रंकेतली लाल साडी काढली. दुपारी दहीभात, नुसता. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. दिवस मावळायच्या आत दोन इडल्या; त्या फराळात धरायच्या, जेवणात नाही. दुपारी भिंतीला टेकून बसून राहिली. पाठ जमिनीला लावली नाही. यार्डात निरोप गेला की साम्राज्यम चार दिवस येणार नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची एक बाई दारातूनच नमस्कार करून फूल ठेवून गेली. त्या बाईलाही यात काही नवल वाटलं नाही.

काम सुटल्यावर मस्तानबी आली. तिनं लाल साडी पाहिली, डबी पाहिली, आणि दारातच पदर डोक्यावर घेतला. “यंत्रस्वामी, आशीर्वाद द्या. माझा जावई सुधारू दे.”

“थट्टा करू नकोस. आत ऐकतंय.”

“ऐकू दे की. डॉक्टरम्मालाही कळू दे माझा जावई कसा आहे.” मग तिनं नीट पाहिलं. “अक्का, तू खोकली नाहीस.”

“नाही.”

“कालपासून?”

“एकदाही नाही.”

मस्तानबीला आनंद झाला, आणि बोलता बोलता तो ओसरला. तिला जे कळलं ते पिन्नीला सकाळीच कळलं होतं. पिन्नी भिंतीकडे पाहत म्हणाली, “यार्डात गेले नाही आणि खोकला नाही. म्हणजे मिरचीच गं. दुसरं काय?”

जाताना मस्तानबीनं पिन्नीचं दारामागचं डोक्याचं फडकं सारखं करून ठेवलं. तिथं सारखं करण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सलोमीचा फोन आला. डबीचा दिवा लुकलुकतोय ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

“लुकलुकतोय, सिस्टर. नेमात काही चूक नाही,” पिन्नी म्हणाली. तिचा आवाज जरा मोकळा झाला होता. “एक वेळ जेवते. लसूण नाही, तिखट नाही. दिवसा आडवी होत नाही. यार्डाचं तोंड पाहिलेलं नाही. कुणाला वाईट बोलले नाही, मस्तानबीलासुद्धा.”

फोन स्पीकरवर होता, म्हणून पलीकडचं मलाही ऐकू आलं. सलोमी म्हणाली, “अम्मा, घरात चोर शिरतो का ते बघायला मी पहारेकरी बसवला. आणि तुम्ही चोरालाच तीर्थयात्रेला पाठवलंत!”

“म्हणजे?”

“म्हणजे तो आत बसलेला बिचारा दोन दिवस जांभया देतोय. त्याला काय दिसणार? त्याला तुमचं रोजचं बघायचंय. लोणचं खा. यार्डात जा. जेवून जिथं पडता तिथं पडा. भांडा.”

“दीक्षा मध्येच मोडू?”

“अम्मा, माझेही सध्या उपासाचे दिवस चालू आहेत, ईस्टरपर्यंत. मला नेम कळतो. पण देव आपल्याला रिपोर्टशिवाय ओळखतो. डॉक्टरम्माला रिपोर्ट लागतो.”

पिन्नीनं लाल साडी घडी करून ट्रंकेत ठेवली. मग डबीवर हात ठेवून तिच्याशी काहीतरी बोलली. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “माळ्यावरची बरणी काढ.”

मी तिच्याबरोबर यार्डात गेले. ढिगावर बसल्याबरोबर तिची पाठ सरळ झाली. ती येताच बायका सरकल्या, तिची जागा मोकळीच होती. सकाळ नीट गेली. दुपारी लिलाव संपला, मग काट्यावरच्या माणसांना घाई होती म्हणून बायका नेहमीप्रमाणे भराभर जेवल्या. भात, अंबाडी, ओल्या लाल मिरचीचं लसूण घातलेलं लोणचं, वर कच्चं तेल. शेवटचा घास गिळला की गोण्यांवर आडवं व्हायचं, पुढची पोती उघडेपर्यंत. ही इथली रीतच आहे. मी लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा याच गोण्यांवर बायकांच्या मधे झोपत असे.

पिन्नी आडवी झाली. बटण दाबलं. थोड्या वेळानं खोकत उठून बसली.

“दाब, अक्का, दाब! मधलं दाब!” मस्तानबी झोपेतून ओरडली.

पिन्नीनं झिजलेल्या नखाच्या अंगठ्यानं बटण दाबलं. पुन्हा आडवी झाली, पुन्हा खोकली, पुन्हा दाबलं. पलीकडच्या ढिगावरून कुणीतरी विचारलं, “काय गं, लिफ्ट बोलावतेस का?” सगळ्या हसल्या. पिन्नी हसली नाही. आजूबाजूला डोळ्यांत मावणार नाही इतकं लाल होतं, आणि ती त्याच्याकडे घर सोडून जाणाऱ्या माणसासारखी पाहत होती. “बघ,” ती मला म्हणाली, “यार्डात आले नाही तर काही नाही, आले की पुन्हा सुरू.”

दुसऱ्या दिवशी यार्डाला सुट्टी होती. चौथा आणि शेवटचा दिवस. सलोमीनं सांगितलं होतं म्हणून ती तसंच जेवली, तेच लोणचं, तोच भात. दारं-खिडक्या उघड्या, अंगणात कुणाचे तरी धुतलेले कपडे वाळत होते. घरात मिरचीची धूळ म्हणून नव्हती. ती चटईवर आडवी झाली. मी परीक्षेचे पेपर तपासत बसले होते.

खोकला आला.

ती उठून बसली. बटण दाबायचं विसरली, मग आठवून दाबलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

“अम्मडू, आज मिरची कुठाय?”

मी पेन खाली ठेवलं. “लोणच्यात होती.”

“पोटातली नको सांगूस. हवेत कुठाय?”

ती मुद्दाम पुन्हा आडवी झाली. डोळे उघडे, छताकडे. दोघी वाट पाहत राहिलो. खोकला आला तेव्हा ती हसत सुटली, खोकत आणि हसत, अंगठा बटणावर. खोकला आला म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी तेव्हाच पाहिलं.

डॉक्टर प्रवल्लिकांनी पडदा आमच्याकडे वळवला. पहिले दोन दिवस रेघ शांत, तळ्यासारखी. मग तिसऱ्या दिवसापासून ती उठत-कोसळत होती, आणि जिथं जिथं आम्ल वर चढलं होतं तिथं तिथं लगेच पुढं एक लहानशी खूण. पिन्नीच्या अंगठ्याची. यार्डात तशी, सुट्टीच्या दिवशी घरातही तशीच.

“धूळ असती तर कालच्या सुट्टीत या खुणा आल्या नसत्या,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही जेवून आडवं होता, तेव्हा ते वर येतं. फार वर्षं येत असणार. घसा आता कंटाळलाय.” मग त्या सपाट रेघेवर बोट टेकवून म्हणाल्या, “पण हे पहिले दोन दिवस! असं राहा म्हणून मी पेशंटच्या हातापाया पडते, कुणी ऐकत नाही. सलोमीनं सांगितलं मला. चूक केलीत खरी, पण कशानं बरं वाटेल तेही तुम्हीच दाखवून दिलंत.”

गोळ्या होत्या. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. जेवल्यावर बराच वेळ पाठ टेकायची नाही. धूळही काही मैत्रीण नव्हे, तोंडाला फडकं बांधा.

पिन्नीनं हे सगळं मान हलवत ऐकलं, पण तिला एकच ऐकायचं होतं. “यार्डात?”

“जा की. यार्डानं काय केलंय?”

पिन्नीनं टेबलावरून हात पुढे करून डॉक्टरांच्या गालांवरून फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. “गार राहा गं बाई,” ती म्हणाली. आमच्याकडे हाच आशीर्वाद. गुंटूरच्या उन्हात याहून मोठा दुसरा कुणाला सुचला नसावा.

बाहेर सलोमीनं डबी सोडून घेतली. पिन्नीचा हात उगाच कमरेला जात होता.

“आणि आतला? तो कधी येणार बाहेर?”

“आपोआप सुटतो, अम्मा. थोड्या दिवसांत. जातो निघून.”

“कुठून?”

सलोमीनं छताकडे पाहिलं. “सगळं जातं तिथून.”

पिन्नीचा चेहरा पडला. “माझ्यासाठी खरं बोलला तो. माझी जागा राखली. आणि त्याला असा निरोप द्यायचा?”

“अम्मा, त्याला कळत नाही हो.”

“मला कळतं ना.”

म्हणून तिनं घरी दीक्षेची सांगता केली. तांदळाच्या ओल्या पिठात गूळ आणि वेलची मळून चलिमिडी केली. पोटाला थंड म्हणून आमच्याकडे ती उन्हाळ्यात करतातच. दिवा लावला. समोर मूर्ती नव्हती, डबीही परत गेली होती, तिनं छातीवर हात ठेवून नमस्कार केला आणि म्हणाली, “जा बाबा, सुखानं जा. वाटेकडे लक्ष देऊ नकोस.” मी हसू दाबायला आत गेले आणि आत गेल्यावर हसू आलं नाही. सलोमीचा वाटा तेवढा राहिला. तिचे उपास सुटल्यावर पुन्हा ताजी चलिमिडी करून आम्ही तिला देऊन आलो.

अंकम्माराव गारूंनी रिपोर्ट माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. “म्हणजे माझी मिरची निर्दोष?”

“तुमची मिरची निर्दोष,” पिन्नी म्हणाली. “जेवायला तुम्ही जो वेळ देता तो दोषी.”

“आली, परत आली,” मालक काट्यावरच्या माणसाला म्हणाले. “गप्प होती तेवढ्यात घरी पाठवायला हवी होती.” पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातली आपली टेकायची खुर्ची ढिगापाशी पाठवली. पिन्नीनं ती परत पाठवली. बायकांच्या वर बसायला तिला नको होतं. तिनं चार गोण्या भिंतीशी रचून आपली टेकण्याची जागा केली.

पुढच्या महिन्यात मी एकदा दुपारी तिच्या गोळ्या घेऊन गेले, ती घरी विसरली होती. लिलाव होऊन गेला होता. सगळ्या बायका जेवून झोपल्या होत्या, ढिगांच्या मधल्या वाटांवर, गोण्यांवर, एकमेकींच्या अंगावर हात टाकून. मस्तानबीचं डोकं पिन्नीच्या मांडीवर होतं आणि ती घोरत होती. त्या सगळ्या झोपेच्या मधोमध पिन्नी एकटी ताठ बसली होती. तोंडाला फडकं, मांडीवरच्या डोक्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं एकेक देठ खुडत.

मला पाहून तिनं बोट ओठांवर ठेवलं. मी शेजारी बसले.

“इतकी वर्षं मीही झोपायचे,” ती कुजबुजली. आवाज पहिल्यासारखा झाला होता, म्हणून तो तिला मुद्दाम दाबावा लागत होता. “मला माहीतच नव्हतं गं, दुपारी हे सगळं असं दिसतं.”

मग एका हमालानं पलीकडे पोतं टाकलं, धूळ उडाली, आणि कुणी नवीन माणूस फाटकाशी जोरात खोकला. पिन्नी फडक्याआडून हसली आणि पुढची मिरची उचलली.